एका गुंठ्याचा ठिपका

मोबाइल सांगत होता की मी गवतात उभी आहे. प्रत्यक्षात समोर पोल्ट्रीची कोरी शेड होती आणि आत कोंबड्यांचा कलकलाट. नकाशा तसा चुकला नव्हता, शिळा झाला होता; उपग्रहाचं चित्र मागच्या वर्षीचं. वहीत फुली मारली आणि नकाशावरच्या पुढच्या ठिपक्याकडे निघाले.

बारामती तालुक्यातल्या सुप्याजवळचा हा माळ. शेजारी मयूरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, चिंकाऱ्यांसाठी राखलेलं. पण चिंकारा, लांडगा, खोकड हद्दीचे दगड बघून फिरत नाहीत. हद्दीबाहेर गवत नेमकं कुठं उरलंय, याचा नकाशा करायचा होता.

युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह दर पाच दिवसांनी आपल्या डोक्यावरून जातात आणि त्यांची चित्रं कुणालाही फुकट मिळतात. चित्रातला एक चौकोन दहा मीटर बाय दहा मीटरचा. शंभर चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ आपला एक गुंठा! हे ध्यानात आलं तेव्हापासून तो उपग्रह मला तलाठ्याचा चुलतभाऊ वाटतो. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परतवतं. या दोहोंतल्या फरकाला त्यांच्या बेरजेनं भागलं की गुंठ्यागणिक हिरवेपणाचा आकडा मिळतो.

पहिल्या खेपेला मी एप्रिलचं चित्र घेतलं. आकाश निरभ्र, चित्र लख्ख आणि नकाशा साफ फसलेला. एप्रिलात वाळलेलं गवत, उघडा मुरूम आणि नांगरून टाकलेलं रान, तिन्ही एकाच मातकट रंगाची. संगणकानं तिन्ही एका टोपलीत टाकली. त्याचा काय दोष? मीच त्याला माळ झोपलेला असताना दाखवला होता.

मग वर्षभराची चित्रं ओळीनं लावली. पावसाळ्यातली बहुतेक ढगांनी खाल्ली, तरी उरल्यासुरल्यातून गोष्ट उलगडली. उसाच्या हिरवेपणाचा आलेख तोडणीपर्यंत महिनोन्‌महिने वरच. बाजरी झपाट्यानं चढते आणि कापणीला कड्यावरून ढकलल्यासारखी खाली येते. गवताचं तसं नाही. ते पावसाबरोबर चढतं आणि दसरा-दिवाळीपासून सावकाश, पायरी पायरीनं उतरतं. त्या उतारावर मी गवत ओळखायला शिकले. एका दिवसाच्या चित्रात जे दिसत नाही, ते वर्षाच्या चालीत दिसतं.

तरीही ठिपक्यावर जाऊन पाहण्याला पर्याय नाही. अशाच एका ठिपक्यावर मेंढरं चरत होती. काठीवर रेलून उभे असलेले म्हातारे मेंढपाळ मला न्याहाळत होते.

"काय मोजताय ताई? जमीन घेताय काय?"

"नाही मामा, नकाशा करतेय."

"मग ह्याला काय म्हनायचं नकाशात?"

जुन्या नकाशात इथं 'पडीक' लिहिलेलं होतं, ते सांगितलं. मामा हसले. "पडीक? मग माझी मेंढरं काय माती खात्यात व्हय?"

दिवाळीनंतर त्यांचा वाडा, म्हणजे माणसं-मेंढरांचा सारा तांडा, घाट उतरून कोकणात जाणार होता. तोवर याच माळावर पोट. त्यांनी काठीनं दाखवलं: हा पवन्या, जनावर आवडीनं खातं, ती कुसळी, कोवळी असेल तोवर ठीक, मग तिची कुसळं मेंढ्यांच्या लोकरीतून कातडीत घुसतात. (माझ्या मोज्यांतही घुसली होती.) ही दोन गवतं नकाशात वेगळी काढायचा प्रयत्न मी नंतर केला. जमला नाही. एकाच गुंठ्यात दोन्ही मिसळून उगवतात, आणि माझ्या संगणकाला दोन्ही 'गवत'च.

'पडीक' हा शब्द उपग्रहाचा नाही, आपला आहे. २००० साली देशाचा पहिला वेस्टलँड अ‍ॅटलास निघाला. झुडपांची विरळ रानं त्यात पडीक जमिनींत गणली गेली. उलट वनसर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या तुकड्यावर झाडांचं छत्र दहा टक्के भरलं की ते वनाच्छादन, मग ती आंब्याची बाग का असेना. म्हणजे चांगल्या माळावर गिरिपुष्पाची रोपं दाट लावली, तर खालचं गवत सावलीनं मरेल, चिंकारा निघून जाईल आणि कागदावर मात्र सुधारणा दिसेल. संगणकाच्या चुका मी फुल्या मारून मोजू शकते. ही चूक मोजायला वहीत रकानाच नाही.

नव्या नकाशाच्या सूचीतून मी 'पडीक' काढून 'गवताळ माळ' लिहिलं. क्षेत्रफळ एका गुंठ्यानंही बदललं नाही.

तुमच्या गावालाही असा माळ असेल. सेंटिनेलची चित्रं कोपर्निकस ब्राउझरवर बघता येतात, पैसे पडत नाहीत. फक्त तारीख ऑक्टोबरातली टाका.