मोकळ्या जागांवर चालणारी वीज

कन्नड तालुक्यात, सातमाळ्याच्या डोंगरांत पितळखोऱ्याची लेणी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी ज्या काळ्या दगडावर छिन्नी चालली, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहता लाव्हा होता. तापमान अकराशे-बाराशे अंश सेल्सिअस. तो निवताना सिलिकॉन, लोह, कॅल्शियम यांची ऑक्साइडं एकमेकांत गुंतली आणि नवी खनिजं जन्मली. ऑक्साइडं इतकी तापली की गप्प बसत नाहीत.

अशाच, किंबहुना याहूनही जास्त तापमानाला ‘घन ऑक्साइड इंधनघट’ भट्टीत भाजतात. हा घट हायड्रोजन किंवा नैसर्गिक वायू न पेटवताच त्यातून वीज काढतो. मधला पडदा, म्हणजे इलेक्ट्रोलाइट, झिर्कोनियाचा (झिर्कोनियमच्या ऑक्साइडचा). त्यात थोडा यिट्रिया (यिट्रियमचं ऑक्साइड) मिसळतात. दर दोन यिट्रियम अणूंमागे स्फटिकात ऑक्सिजनची एक जागा रिकामी पडते. मग खो-खोसारखा प्रकार: ऑक्सिजनचा एक आयन त्या जागेवर उडी घेतो, त्याची जागा मोकळी होते, तिथे दुसरा येतो. घन, कडक पदार्थातून ऑक्सिजन चालू लागतो! १८९७च्या सुमारास नेर्न्स्टने याच मिश्रणाचा दिवा बनवला; १९३७मध्ये बाऊर आणि प्राइस यांनी त्यातून इंधनघट.

हवेतला ऑक्सिजन आत घ्यायला कॅथोड लागतो. जुना, भरवशाचा कॅथोड लॅन्थॅनम, स्ट्रॉन्शियम आणि मँगॅनीजच्या ऑक्साइडचा. इलेक्ट्रोलाइट आणि कॅथोड दोन्ही आपापल्या जागी उत्तम, पण त्यांची गाठ पडते भट्टीत. बाराशे अंशांच्या वर मँगॅनीज झिर्कोनियात शिरू लागतं, मागे उरलेल्या लॅन्थॅनमला जोडीदार हवा असतो आणि सीमेवर लॅन्थॅनम झिर्कोनेटचा थर धरतो. ऑक्सिजनची वाट तिथेच तुंबते. गंमत म्हणजे झिर्कोनियमचं खनिज झिर्कॉन आणि लॅन्थॅनम असलेलं मोनाझाइट केरळच्या किनाऱ्यावर एकाच वाळूत सुखाने नांदतात. भांडण लावते ती आच.

यावरची युक्ती मला फार आवडते. कॅथोड बनवताना लॅन्थॅनम मुद्दाम किंचित कमी घालतात. सुटं लॅन्थॅनमच नसेल तर झिर्कोनेट कशाचं होणार? इलेक्ट्रोलाइट रिकाम्या जागांमुळे चालतो आणि कॅथोडही रिकाम्या जागांमुळेच टिकतो.

कोबाल्ट-लोहाचे नवे कॅथोड कमी तापमानालाही तडफेने काम करतात, पण त्यांचं स्ट्रॉन्शियम झिर्कोनियाला जाऊन भिडतं. म्हणून मध्ये गॅडोलिनियम मिसळलेल्या सिरियाचा (सिरियम ऑक्साइडचा) काही मायक्रॉन जाडीचा थर देतात. फार तापवलं तर हा मध्यस्थही झिर्कोनियात मिसळू लागतो, ही आणखी एक कटकट.

भट्टीतून निघाल्यावरही घट सातशे ते हजार अंशांवर वर्षानुवर्षं तापत राहतो आणि सीमेवरची ही घुसखोरी सावकाश चालूच असते. म्हणून असा घट कुणी दाखवला, तर त्याची कार्यक्षमता विचारण्याआधी विचारा: किती हजार तास चालवून पाहिलाय?