जेसन-संहितेचा पदच्छेद : कर्जत-खालापूरच्या शब्दसंग्रहाच्या निमित्ताने

कर्जत व खालापूर ह्या तालुक्यांतील ठाकर आणि कातकरी वाड्यांवर टिपून घेतलेले शब्द आम्ही वहीतून संगणकात उतरवितो, तेव्हा ते ‘जेसन’ नामक लेखनपद्धतीत ठेवितो. डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००१ च्या सुमारास प्रचारात आणिलेल्या ह्या पद्धतीत एक नोंद अशी दिसते :

{"शब्द": "दऱ्या", "तालुका": "खालापूर", "जिल्हा": "रायगड"}

वाचकाला ही नोंद सहज कळते. संगणकाच्या लेखी मात्र ती प्रथम केवळ चिन्हांची एक अखंड माळ असते. ‘तालुका कोणता?’ असे त्या माळेला विचारता येत नाही. त्यासाठी ‘पार्सर’ हवा. महिरपी कंस, अवतरणचिन्हे, अपूर्णविराम व स्वल्पविराम ह्यांच्या आधारे तो प्रथम पदे पाडतो आणि मग त्यांचा परस्परसंबंध लावून स्मृतीत एक ‘ऑब्जेक्ट’ उभा करतो. संहितापाठावरून पदपाठ सिद्ध करण्याशी ह्या क्रियेचे साम्य अभ्यासकांच्या ध्यानी येईलच. जावास्क्रिप्टमध्ये हे काम ‘जेसन.पार्स’ करते, पायथनमध्ये ‘जेसन.लोड्स’.

पार्सर मोठा कर्मठ असतो. शेवटच्या पदानंतर एक स्वल्पविराम अधिक पडला, तरी तो सबंध मजकूर नाकारतो. देवनागरी अंकही त्याला संख्या म्हणून चालत नाहीत. कर्जतचा पिनकोड ४१०२०१ असा लिहावयाचा, तर तो अवतरणचिन्हांतच लिहिला पाहिजे.

परंतु हे सारे सोवळे रूपापुरतेच! आम्ही आरंभी तालुक्याचे नाव हीच किल्ली धरून शब्द लाविले होते. कर्जत हा तालुका रायगडात आहे, तसाच अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातही आहे. एकच किल्ली दोनदा येऊ नये, अशी शिफारस २०१७ च्या आरएफसी ८२५९ ह्या प्रमाणलेखात आहे. पण तो सक्तीचा निषेध नव्हे. पुष्कळसे पार्सर अशा वेळी शेवटचे मूल्य ठेवितात व आधीचे मुकाट्याने टाकून देतात. आमचेही तसेच झाले. रायगडच्या कर्जतचे सर्व शब्द नाहीसे झाले आणि दोषसूचना एकही आली नाही. खालापूरचे शब्द जागच्या जागी असल्यामुळे कित्येक दिवस कोणाला शंकाही आली नाही. वह्या जपून ठेविल्या होत्या, म्हणून निभावले. आता प्रत्येक शब्दाची नोंद स्वतंत्र असते व तीत जिल्हा आणि तालुका दोन्ही येतात. शिवाय पायथनमधील ‘ऑब्जेक्ट_पेअर्स_हुक’ ह्या सोयीने किल्लीची पुनरुक्ती आढळताच काम थांबविता येते.

ह्याच्या उलट प्रकार वरील उदाहरणातील ‘दऱ्या’ ह्या शब्दाचा. त्यातील ‘ऱ्’ दोन प्रकारांनी लिहिला जातो : ‘ऱ’ ह्या स्वतंत्र वर्णास हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त देऊन त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. संगणकाला मात्र ते दोन भिन्न शब्द. पार्सर ते जसेच्या तसे हवाली करतो, आणि युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरणही त्यांना एक करीत नाही. कोणी उत्साहाने सरसकट जोडचिन्हेच गाळली, तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो व खालापूरच्या डोंगरात समुद्र येतो. म्हणून ऑब्जेक्ट हाती येताच प्रथम ‘र’, हलन्त व जोडचिन्ह ह्या त्रयीच्या जागी ‘ऱ’ व हलन्त घालावा. उरलेली जोडचिन्हे त्यानंतर तपासावीत.