लॅपटॉप घ्यायला जाताना पेनड्राइव्ह न्या

काम काय, असं दुकानात विचारतात. 'फोटो आणि नकाशे' म्हटलं की सेल्समन थेट गेमिंगच्या टेबलाकडे नेतो. तिथे पडद्यावर कंपनीचाच चकचकीत व्हिडिओ चालू असतो आणि तो कुठल्याही पडद्यावर सुंदरच दिसतो. त्यावरून काहीच कळत नाही. मी तो बंद करायला सांगते आणि माझा पेनड्राइव्ह लावते.

सह्याद्रीतल्या सड्यांवरच्या, म्हणजे खडकाळ पठारांवरच्या, फुलांची नोंद ठेवणं हे माझं काम. फोटो काढायचे, ते निवडून दुरुस्त करायचे, आणि जीपीएसच्या नोंदीवरून नकाशावर बसवायचे. फोटो आणि नकाशा ही दोन्ही कामं एकाच यंत्रावर होतात, पण त्यांच्या मागण्या निराळ्या आहेत. फोटोला आधी पडदा चांगला लागतो. नकाशाला रॅम आणि डिस्क.

पेनड्राइव्हवर कास पठाराचा एक फोटो आहे. पुढे सीतेची आसवं, जांभळी. मागे तेरड्याचा गुलाबी पट्टा. स्वस्त पॅनलची लाल रंगातली पोहोच तोकडी असते, त्यामुळे जांभळ्यातला लाल गळतो आणि फूल निळसर दिसायला लागतं. गुलाबी तर धुतल्यासारखा फिका पडतो. अशा पडद्यावर फोटो दुरुस्त करणारा माणूस नकळत लाल वाढवत जातो, आणि चांगल्या पडद्यावर किंवा छपाईत ते फूल भडक होऊन बसतं. फुलाची ओळख पटवताना रंग हा पुरावा असतो, म्हणून इथे तडजोड नको. माहितीपत्रकात '४५ टक्के एनटीएससी' लिहिलेलं दिसलं की तो लॅपटॉप बाजूला ठेवावा. तो पडदा एसआरजीबी या प्रमाणित रंगसंचाचे जेमतेम दोन तृतीयांश रंग दाखवतो. शंभर टक्के एसआरजीबी ही माझी किमान अट. झाकण थोडं मागेपुढे करूनही बघावं, रंग बदलता कामा नयेत.

ओएलईडी पडदा शेजारी ठेवला की डोळे तिथेच खिळतात, काळा खरोखर काळा दिसतो. तरी मी तो घेणार नाही. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये डावीकडची थरांची यादी आणि वरच्या टूलबारच्या पट्ट्या तासन्‌तास जागच्या हलत नाहीत, आणि ओएलईडीवर अशा स्थिर आकृत्यांचा ठसा कायमचा उमटण्याचा धोका असतो. ज्याला फक्त फोटोच करायचे आहेत त्याने खुशाल घ्यावा.

रॅमचा हिशेब कागदावर मांडता येतो. २४ मेगापिक्सेलचा फोटो १६ बिटमध्ये उघडला की मेमरीत सुमारे १४४ एमबी जागा घेतो, आणि प्रत्येक नवा थर तेवढीच भर घालू शकतो. नकाशाचं गणित याहून मोठं. एक चौरस किलोमीटरच्या सड्याचा ड्रोननकाशा ५ सेंटिमीटरच्या बारकाव्याने केला तर २०,००० गुणिले २०,०००, म्हणजे ४० कोटी पिक्सेल होतात. तीन रंगांचे मिळून १.२ जीबी, तेही दाबून लहान न करता. नुसता बघताना क्यूजीआयएस त्यातला लागेल तेवढाच तुकडा वाचतं, म्हणून वेगवान एसएसडीचा फरक लगेच जाणवतो. ड्रोनचे शेकडो फोटो जोडायला बसलं की मात्र १६ जीबी रॅम पुरत नाही. ३२ घ्यावी.

ग्राफिक्स कार्डावर सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. नेहमीचं नकाशाकाम प्रोसेसर आणि डिस्कवर चालतं, कार्ड बसून राहतं. ते उपयोगी पडतं ड्रोनचे फोटो जोडताना आणि लाइटरूममध्ये एआयने दाणेदारपणा काढताना. पण नावावर जाऊ नका. आरटीएक्स ४०६० हे लॅपटॉपमधलं कार्ड ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही विजेवर बसवलेलं असू शकतं. स्टिकर तोच, वेगात मोठी तफावत. म्हणून वॉट विचारून घ्यावेत. प्रोसेसरची परीक्षा घ्यायला क्यूजीआयएसचा इन्स्टॉलरही पेनड्राइव्हवर असतो. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरचे लहान दुकानदार गर्दी नसली तर तो चालवू देतात. जड काम लावावं, पंधरा-वीस मिनिटं थांबावं, पंख्याचा आवाज ऐकावा. मग चार्जर काढावा. बरीच यंत्रं तिथेच मंदावतात, आणि सड्याजवळच्या गावात दुपारची वीज गेलेली असते.

मॅकबुकचा पडदा मला मनापासून आवडतो, क्यूजीआयएसही त्यावर चालतं. पण आर्कजीआयएस प्रो हे दुसरं नकाशाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, त्यामुळे ज्यांना ते लागतं त्यांचा प्रश्न तिथेच सुटतो.

बजेट आवळायचंच असेल तर नंतर बदलता येणाऱ्या गोष्टीवर आवळावं. एसएसडी बहुतेक लॅपटॉपमध्ये पुढे मोठी बसवता येते. पडदा आणि कार्ड आयुष्यभर तेच राहतं. रॅमही हल्ली अनेकदा बोर्डावरच झाळलेली असते, तेव्हा बिल करण्याआधी रिकामा स्लॉट आहे का, हे विचारून घ्यावं. वाचलेल्या पैशांतून मी आधी रंग मोजणारं कॅलिब्रेटर घेईन आणि मग बॅकअपसाठी बाहेरची डिस्क. गेमिंगचे दिवे मला नकोत.