कुत्रा झोपेत कोणामागे धावतो?

डिसेंबरअखेरीस विदर्भात पारा कुठे सर्वांत खाली गेला याची बातमी आली, की तीत बऱ्याचदा गोंदियाचे नाव असते. तोवर धानाची मळणी आटोपलेली असते. रात्रभर रानडुकरांवर भुंकून दमलेली गावातली कुत्री ऊन वर आले की तणसाच्या ढिगावर अंग टाकतात. वीसेक मिनिटे जाऊ द्या आणि मग बघा. श्वास मध्येच अडखळतो, मिटल्या पापण्यांखाली बुबुळे सरकतात, मिशा थरथरतात, पंजे झटके देतात आणि तोंड न उघडताच घशातून दबके भुंकणे येते. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावपासून सालेकशापर्यंत कोणालाही विचारा, तो हसून सांगेल की गडी ससा धरायला निघाला आहे.

ही समजूत फार जुनी आहे. झोपेत भुंकणाऱ्या कुत्र्यांवरून ॲरिस्टॉटलनेही त्यांना स्वप्ने पडतात असे लिहून ठेवले होते. विज्ञानाला मात्र त्या पापण्यांपर्यंत पोहोचायला १९५३ उजाडले. शिकागो विद्यापीठात असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांना झोपलेल्या माणसांचे डोळे ठरावीक टप्प्यात भराभर हलताना दिसले. त्या वेळी उठवले की बहुतेक जण स्वप्न सांगत. हाच टप्पा कुत्र्यातही येतो.

मग झोपलेला कुत्रा उठून पळत का नाही? मेंदूच्या बुडाशी, मणक्याकडे जाणाऱ्या वाटेवर एक भाग असतो. स्वप्नाच्या टप्प्यात तो स्नायूंना सैल सोडतो. फ्रान्समध्ये मिशेल जूव्हे यांनी मांजरांमध्ये नेमका तोच भाग निकामी केला. ती मांजरे झोपेतच उठून उभी राहिली, दबा धरू लागली, समोर नसलेल्या भक्ष्यावर झेपावली. (असे प्रयोग वाचताना अंगावर काटा येतो, हेही सांगायला हवे.) तणसावरच्या कुत्र्याचे पंजे हलतात ते या बंदोबस्तातून निसटलेले झटके. पिल्लांत हा बंदोबस्त पुरता बसलेला नसतो, म्हणून ती जास्त वळवळतात. आपल्याला दिसते ती स्वप्नाची गळती. त्यामुळे पाय हलले म्हणजे ससाच, असे ठामपणे म्हणता येत नाही.

आत काय चालले असेल याचा सर्वांत चांगला पुरावा कुत्र्याने नव्हे, उंदराने दिला. अमेरिकेतल्या एमआयटीत केनवे लुई आणि मॅथ्यू विल्सन यांनी उंदरांना खाऊसाठी गोल मार्गावर धावायला शिकवले आणि स्मृती साठवणाऱ्या पेशींची नोंद ठेवली. झोपेत त्याच पेशी बऱ्याचदा त्याच क्रमाने, जवळजवळ त्याच वेगाने पुन्हा चेतल्या. झोपलेला उंदीर स्वप्नात मार्गावर कुठे पोहोचला आहे, हेही त्या नोंदीवरून ओळखता येई. हा निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाला. कुत्र्याचा मेंदू उंदराहून मोठा आणि गुंतागुंतीचा. त्याच्या झोपेतही दिवसाचीच उजळणी होत असणार, असे मानायला हरकत नाही.

चरकसंहितेत स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत. पहिले तीन म्हणजे पाहिलेले, ऐकलेले आणि अनुभवलेले. पुढचे कल्पिलेले वगैरे प्रकार कुत्र्याला जमत असतील असे मला वाटत नाही, पण पहिल्या तिघांवर त्याचा हक्क नाकारता येणार नाही. त्यातही ‘पाहिलेले’ मी खाली ढकलेन. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, कुत्र्याच्या काही जातींत वीस कोटींहून अधिक. जन्मांध माणसाच्या स्वप्नात चित्रे नसतात. आवाज, स्पर्श, वास असतात. जो ज्या इंद्रियाने जगतो, त्याचेच स्वप्न बघतो. मग गोंदियाच्या कुत्र्याच्या स्वप्नात राइस मिलजवळ उकडल्या धानाची वाफ असेल, मार्चमध्ये पहाटे झाडाखाली पडलेला मोह असेल, मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या काठी जाळ्यातून सांडलेली बारीक मासळी असेल, बांधीच्या धुऱ्यावर परक्या कुत्र्याने सोडलेली खूण असेल. नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या गावात बिबट्याचा वासही असेल. ससा असलाच तर तो आधी वास म्हणून येईल, कान नंतर.

आणि माणूस? बुडापेस्टच्या संशोधकांनी कुत्र्यांच्या डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवून झोप मोजली आहे. ओळखीच्या कृतींसाठी नव्या भाषेतले हुकूम शिकवल्यावर त्यांच्या झोपेतल्या मेंदूलहरी बदलल्या. दुसऱ्या प्रयोगात, माणसाने तुटक, दुरावा दाखवणारी वागणूक दिल्यावर कुत्री लाडानंतरच्यापेक्षा लवकर झोपी गेली. म्हणजे आपले बोलणे-वागणे त्यांच्या झोपेपर्यंत पोहोचते. चेहरा पोहोचत नसेल कदाचित. घामाचा वास नक्की पोहोचत असेल.

दोन गोष्टी व्यवहाराच्या. झोपेत कण्हणाऱ्या कुत्र्याला हलवून उठवू नका. अर्धवट जागा झालेला कुत्रा आधी चावतो, मग ओळखतो. लांबून नावाने हाक मारा. हाकेने जागा झाला तर स्वप्न होते. पाय ताठ झाले, लघवी सुटली, हाकेला दाद नाही, तर ती फिट समजा. जागेपणीही तोच पाय किंवा जबडा सारखा उडत राहिला तर डिस्टेंपर या रोगाची शंका घ्या. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. तिथे पोहोचल्यावर कुत्रा हमखास शहाण्यासारखा बसून राहतो.