आजोबांचा रेझर ओळखताना

जुन्या ट्रंकेच्या तळाशी किंवा भंगारवाल्याच्या ढिगात कधी कधी दाढीचे सामान सापडते. टाकवत नाही आणि वापरावे की नाही हे कळत नाही. जुने रेझर जमवण्याचा मला छंद आहे हे ओळखीच्या लोकांना ठाऊक असल्याने अशा वस्तू घेऊन ते येतात आणि दोन प्रश्न विचारतात: हे नेमके काय आहे? आणि याने दाढी केली तर चालेल का? वरवर पाहता पहिला प्रश्न छंदाचा आहे आणि दुसरा आरोग्याचा. प्रत्यक्षात पहिल्याचे उत्तर मिळाल्याशिवाय दुसऱ्याचे देता येत नाही.

माझ्या संग्रहातला सर्वांत विचित्र नग परभणीतच भंगारात मिळाला. चष्म्याच्या घराएवढी चपटी, जड, चकचकीत मुलाम्याची डबी. पाहणाऱ्यांपैकी कोणी तिला सिगारेटची डबी म्हणाले, कोणी माउथ ऑर्गन, तर एका परिचारिकेला ते शस्त्रक्रियेचे जुने हत्यार वाटले. डबीची दोन्ही झाकणे निघतात. एका झाकणाच्या आत धार लावायचा दगड बसवलेला आहे, दुसऱ्याच्या आत चामड्याची पट्टी. मध्ये एक पाते आडवे पडलेले. बाजूची दांडी पुढे-मागे ओढली की पाते खटक-खटक आवाज करत दर फेरीला कूस बदलते आणि चामड्यावर घासले जाते. न्हाव्याच्या धोकटीतली सहाण आणि चामोटा एका डबीत कोंबावा, तसा हा प्रकार.

जुना रेझर ओळखताना मी तीन गोष्टी पाहतो. पहिली म्हणजे पाते. आपल्या ओळखीचे दुधारी पाते मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतके पातळ असते. या डबीतले पाते एकाच बाजूला धार असलेले, पाठीकडे जाड आणि धारेकडे निमुळते होत गेलेले. म्हणजे वस्तऱ्याचाच एक तुकडा. दुसरी गोष्ट, पात्याला धरणारी रचना. पाते डबीतून काढून वेगळ्या मुठीला जोडायचे आणि त्वचेत खोल जाऊ नये म्हणून धारेपुढे आड येतो. म्हणून हा वस्तरा नव्हे, सेफ्टी रेझर. तिसरी गोष्ट, कोरलेली अक्षरे. भिंग लावले की नाव वाचता येते: 'रोल्स रेझर', 'इम्पीरियल', 'मेड इन इंग्लंड'. नावावरून वाटते तसा रोल्स रॉइस मोटारीशी याचा संबंध नाही. १९२० च्या दशकापासून १९५० च्या दशकापर्यंत हा रेझर इंग्लंडमध्ये बनत होता. पुढे ही कंपनी कपडे धुण्याची यंत्रे विकू लागली आणि १९६४ मध्ये बुडाली.

अशी वस्तू आमच्या भागात निघावी याचे फार नवल नको. परभणी १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते आणि सिकंदराबादच्या छावणीशी रेल्वेने जोडलेले होते. विलायती सामान मराठवाड्याला अनोळखी नव्हते.

रोल्स रेझरमागचा विचार काटकसरीचा होता: एक पाते घ्या, रोज धार लावा, वर्षानुवर्षे वापरा. याच्या बरोबर उलट विचार अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट यांनी मांडला. पातळ पोलादाचे स्वस्त पाते घ्यायचे आणि बोथट झाले की धार न लावता फेकून द्यायचे. १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, त्यांचे अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. १९०४ मध्ये पेटंट मिळाले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी ३५ लाख रेझर घेतले आणि घरी स्वतः दाढी करण्याची सवय पसरली. तुमच्याकडचा जुना रेझर अमेरिकी जिलेटचा असेल, तर त्याच्या तळाशी एखादे अक्षर आणि अंक दिसतो का ते पाहा. १९५० नंतरच्या नगांवर अक्षर वर्ष सांगते आणि अंक तिमाही. उदाहरणार्थ, 'ई' आणि '२' असेल तर तो १९५९ च्या दुसऱ्या तिमाहीतला.

आता आरोग्याकडे वळू. 'सेफ्टी' या शब्दाने रेझरविषयी एक गैरसमज रुजवला आहे. हा रेझर खोल जखमेपासून वाचवतो, सूक्ष्म जखमेपासून नाही. दाढी करताना पाते केसाबरोबर त्वचेचा वरचा थरही खरवडते. रक्त दिसत नाही, पण तुरटी फिरवली की जे चरचरते ते या न दिसणाऱ्या ओरखड्यांमुळे. शस्त्रक्रियेच्या बाबतीत हे ओरखडे किती महागात पडतात, हे १९७१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले. शस्त्रक्रियेपूर्वी रेझरने केस काढलेल्या रुग्णांमध्ये जखमेत पू होण्याचे प्रमाण ५.६ टक्के होते. केस न काढलेल्या किंवा मलमाने काढलेल्या रुग्णांमध्ये ते ०.६ टक्के होते. जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ ची शिफारसही हेच सांगते: केस शक्यतो काढूच नका, काढावेच लागले तर क्लिपरने कापा, रेझर वापरू नका.

या ओरखड्यांतून जंतू आत जातात, तसे पात्यावर रक्ताचे न दिसणारे अंशही राहतात. हिपॅटायटिस 'बी'चा विषाणू शरीराबाहेर, सुकलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरू शकतो. रोल्स रेझर घरोघरी खटखटत होता तेव्हा हा विषाणू कोणाला माहीत नव्हता. त्याचा माग अमेरिकी संशोधक बरूच ब्लूमबर्ग यांच्या कामातून १९६० च्या दशकात लागला आणि १९७६ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. हिपॅटायटिस 'सी'चा विषाणू तर १९८९ मध्ये ओळखला गेला.

ही माहिती हाती आली की संग्रहातली ती डबी वेगळी दिसू लागते. तिचे पाते उकळता येईल, पण चामड्याची पट्टी उकळली तर खराब होते आणि दगडाच्या बारीक छिद्रांत काय अडकले आहे ते दिसत नाही. स्वच्छ केलेले पाते पुन्हा त्याच चामड्यावर घासायचे, अशी तिची रचनाच आहे. म्हणून रोल्स रेझर जपावा, पुसावा, पाहुण्यांना खटखटून दाखवावा. गालाला लावू नये.

दुधारी पात्याच्या जुन्या रेझरचे तसे नाही. तो पूर्ण धातूचा असतो. कोमट पाणी, भांडी घासायचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन त्याच्या खाचा साफ कराव्यात, मग तो पाण्यात चांगला उकळावा, कोरडा करावा आणि नवे पाते लावावे. मूठ सेल्युलॉइडची किंवा लाकडाची असेल तर उकळू नये, शोभेलाच ठेवावी. मुलामा उडालेल्या जागी गाल लाल होऊन खाज सुटली तर निकेलची ॲलर्जी असू शकते, वापर थांबवावा.

जुन्या सामानातला ब्रश मात्र सरळ बाजूला काढावा. पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि नंतरची काही वर्षे इंग्लंड-अमेरिकेत दाढीच्या ब्रशांमुळे लोकांना काळपुळी झाली, काही दगावले. घोड्याच्या केसांचे ते ब्रश नीट निर्जंतुक न करता विकले गेले होते. आज अशा ब्रशातून धोका अगदी कमी आहे, पण काळपुळीचे बीजाणू वर्षानुवर्षे टिकतात आणि साध्या उकळीने मरतीलच याची खात्री नसते. नवा ब्रश स्वस्तात मिळतो.

संग्राहकांसाठी हे सारे सांगितले, तरी खरी काळजी भंगारातल्या डबीची नाही, मोरीच्या कोनाड्यातल्या रोजच्या रेझरची आहे. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत एखाद्याला हिपॅटायटिस 'बी' असल्याचे कळते. घरी विचारावे तर बाप, भाऊ आणि नुकती मिसरूड फुटलेला मुलगा एकाच रेझरने, कधी एकाच पात्याने, दाढी करत असतात. "आमचं काय, घरचंच आहे," हे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे. घरातले रक्त घरातलेच असले, तरी विषाणूला नाते कळत नाही. वडिलांचा रेझर मुलाने जरूर घ्यावा, पण साफ करून आणि स्वतःच्या पात्यासह. बापाचा रेझर चालू असेल तर मुलाला वेगळाच घेऊन द्यावा.

सलूनमध्ये दुधारी पाते मोडून अर्धे वस्तऱ्यात लावतात. ते आपल्या डोळ्यांसमोर नवे लावले जात आहे ना, हे पाहावे आणि नसेल तर नम्रपणे मागावे. कोणीही कारागीर त्याचा राग मानत नाही. पाते जंतुनाशकात नुसते बुडवून काढणे पुरेसे नाही. वापरलेली पाती सुटी कचऱ्यात टाकू नयेत. सफाई कामगारांचे हात त्यांनी कापतात. झाकणाचा रिकामा पत्र्याचा डबा ठेवावा, भरला की चिकटपट्टीने बंद करून वेगळा द्यावा. बाळांना जन्मतः मिळणारी हिपॅटायटिस 'बी'ची लस आता सरकारी लसीकरणात आहे. मोठ्यांपैकी ज्यांनी घेतलेली नाही, त्यांनी, विशेषतः घरात कोणी बाधित असेल तर, रक्त तपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने ती घ्यावी.

जुनी वस्तू हाती आली की तिचे नाव शोधा, साल शोधा, त्यात मौज आहे. पण त्याबरोबर हेही पाहा की तिचे पाते बदलता येते की नाही. दाढी करायला हरकत आहे की नाही, हे त्यावरच ठरते.