बॅटरी डाउन होते पावसाळ्यात, खराब होते उन्हाळ्यात

'सहसंबंध म्हणजे कारण नव्हे' हे वाक्य पेट किंवा नेटची तयारी करताना तुम्ही पाठ केलं असेलच. आज हेच वाक्य आपण गाडीच्या बॉनेटखाली तपासून बघू. चंद्रपूर-गडचिरोलीत फील्डवर्क करणार असाल तर गाडी हेही तुमचं एक उपकरणच आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. एटापल्लीच्या पुढे तर काही ठिकाणी मोबाइलला रेंजही नसते. अशा वेळी गाडी बंद पडली तर वाया जातो तो फक्त तुमचा डेटा नाही. सोबत कोणी आजारी असेल तर प्रश्न त्याच्या जिवाचा होतो.

निरीक्षण आणि घाईचा निष्कर्ष

जूनअखेरची पावसाळी सकाळ. सेल्फ मारला की नुसता 'टक्' आवाज येतो. सगळे म्हणतात, "पाऊस लागला, बॅटरी गेली." पाऊस आधी आला आणि बिघाड नंतर झाला, म्हणून पाऊस हे कारण. पटतं ना? पण त्याआधी काय होऊन गेलं तेही बघा. मे २०१९ मध्ये चंद्रपूरला ४८ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. बॉनेटखाली तर याहूनही जास्त असतं.

गाडीच्या बॅटरीत शिशाच्या प्लेटा आणि सल्फ्युरिक आम्ल असतं. उष्णतेने तिच्यातलं पाणी कमी होतं आणि धन प्लेटची जाळी वेगाने गंजते. किती वेगाने? १८८९ साली स्वांते अऱ्हेनियसने तापमान आणि अभिक्रियेचा वेग यांचं जे समीकरण मांडलं, ते तुम्ही बीएस्सीला शिकलात. अ‍ॅक्टिव्हेशन एनर्जी ५० किलोज्यूल प्रति मोल धरा आणि तापमान २५ वरून ३५ अंशांवर न्या. वेग सुमारे १.९ पट होतो. 'दर दहा अंशांना बॅटरीचं आयुष्य निम्मं' हा ढोबळ नियम इथूनच येतो.

मग मे महिन्यातच गाडी का बंद पडत नाही? कारण तीच उष्णता दुखणं झाकते. गरम बॅटरी करंट सहज देते आणि पातळ झालेल्या ऑइलमुळे इंजिनही हलकं फिरतं. पावसाळ्यात गारवा येतो, वर हेडलाइट, वायपर आणि ब्लोअर एकदम चालू होतात. तेव्हा आतली कमजोरी बाहेर पडते. म्हणजे पाऊस फक्त निमित्त असतो. कारण आणि परिणाम यांच्यात असं अंतर पडलं की संशोधकही फसतो.

मोजताय काय?

गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी मल्टिमीटर लावा. सुमारे १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धा. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवेत, नाहीतर अल्टरनेटर दाखवून घ्या. पण व्होल्टेज सांगतं ते चार्ज किती आहे एवढंच. बॅटरीत दम किती उरलाय हे लोड टेस्टमध्येच कळतं. आपण मोजतोय ते आणि आपल्याला जाणून घ्यायचंय ते एकच आहे का, हा प्रश्न तुमच्या प्रबंधातही विचारा.

टायर: एककाची गंमत

समजा मे महिन्यात ४५ अंशांच्या दुपारी ३३ पीएसआय हवा भरली. जुलैत सकाळी २५ अंशांना किती राहील? ३३ ला थेट २५/४५ ने गुणलंत तर १८ येतं, आणि ते चूक आहे. तापमान केल्विनमध्ये घ्या आणि दाब वातावरणाच्या दाबासकट: ३३ + १४.७ = ४७.७. याला २९८/३१८ ने गुणलं की ४४.७. त्यातून १४.७ वजा केले की उरतात ३०. म्हणजे पंक्चर नसतानाही तीन पीएसआय गेले! गाडी धावून टायर तापले असताना हवा भरली असेल तर घट आणखी जास्त. म्हणून हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा आणि ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा आकडा पाळा. खोबणी १.६ मिमीपेक्षा कमी उरली असेल किंवा बाजूला भेगा दिसत असतील तर टायर बदला.

बाकीचं पटकन

वायपरचं रबर उन्हाने कडक होतं. काचेवर रेघा उमटत असतील तर पाऊस सुरू होण्याआधीच बदला. कूलंट इंजिन थंड असतानाच बघा, गरम असताना झाकण उघडू नका. कमी असेल तर विहिरीचं किंवा नळाचं जड पाणी टाकू नका, क्षार साचतात. कोळशाच्या आणि मुरमाच्या रस्त्यांवर फिरत असाल तर एअर फिल्टर उघडून बघाच. पुढच्या काचेखालच्या जाळीत सागाची वाळलेली पानं अडकतात. ती काढली नाहीत तर पाण्याची वाट तुंबते आणि पाणी गाडीत शिरतं.

वहीत लिहा

तारीख, वेळ, हवेचं तापमान, व्होल्टेज, चारही टायरचा दाब. मार्चपासून दर पंधरा दिवसांनी एक ओळ. एका गाडीच्या नोंदीवरून सगळ्या गाड्यांचा नियम सांगता येत नाही, पण तुमची बॅटरी उतरणीला कधी लागली ते त्यातून कळतं. विदर्भात पाऊस साधारण जूनच्या मध्यावर पोहोचतो. म्हणून ही सगळी तपासणी जूनच्या पहिल्या आठवड्यातच उरकून घ्या. आलापल्लीच्या पुढे गेल्यावर मल्टिमीटर काढून फारसा उपयोग नसतो.