‘वर्कोहोलिक’ : व्यसन कोणाचे?

‘वर्कोहोलिक’ हा शब्द रूढ केला तो अमेरिकन धर्मोपदेशक व मानसशास्त्राचे अभ्यासक वेन ओट्स यांनी. १९७१ साली आलेल्या पुस्तकात त्यांनी तो स्वतःलाही लावला. ‘अल्कोहोलिक’चे शेपूट ‘वर्क’ला जोडून तो घडला. अर्थ : कामाचे व्यसन जडलेला. म्हणजे अतिश्रमाचे मूळ माणसाच्या स्वभावातच शोधायचे. याउलट ‘ओव्हरवर्क्ड’ हे कर्मणी रूप. त्यात काम लादणारा सहसा गृहीत असतो. मराठीने तर ‘राबवणे’ या प्रयोजक क्रियापदात त्याला उघडच केले आहे. ‘राबवणे’ म्हटले, की कोण राबवतो हा प्रश्न आलाच. म्हणूनच रोज बारा तास राबवल्या जाणाऱ्या माणसाला आपण कौतुकाने ‘वर्कोहोलिक’ म्हणतो, तेव्हा राबवणारा वाक्यातून अलगद निसटतो.